भंडाऱ्याची पिशवी

४ जानेवारी २००९, दिल्ली

ट्रेनिंगमध्ये उस्ताद सांगायचे की झोपायच्या आधी दिवसातल्या चुका लिहून काढा. बाकीच्या मुलींनी आठ दिवसांत सोडून दिलं. मला जमलं नाही सोडायला.

आजच्या चुका. एका म्हातारीला काठी तपासणीच्या मशीनमध्ये टाकायला लावली. नियम तसाच आहे, पण मधली चार पावलं तिला काठीशिवाय चालावं लागलं आणि मी हात दिला नाही. दुसरी, संतोषवर चिडले.

संतोष ही माझी जोडीदार, हरियाणाची. पहिल्यांदा फोनवर तिचं नाव सांगितलं तेव्हा माझा धाकटा भाऊ मल्हार एकदम मोठ्या भावासारखा झाला. "ह्यो संतोष कोन?" बाई आहे म्हटल्यावर पुढचे दोन फोन नुसता हसत होता.

गर्दी वाढली की संतोष नुसता डिटेक्टर फिरवते आणि बायांना पुढे ढकलते. मुंबईच्या हल्ल्यानंतर वरून सक्त हुकूम आहे की हात लावून तपासल्याशिवाय एकही बाई फलाटावर जाता कामा नये. आमचं मेट्रो स्टेशन जमिनीखाली आहे. खाली काही झालं तर लोक पळतील कुठे? म्हणून मी सगळ्यांना तपासते. पडद्याच्या आत लाकडी पाट आहे. त्यावर बाई हात पसरून उभी राहते. खांदे, काखा, छाती, पाठ, कंबर, पाय. हाताला काही लागलं तर बाहेर काढायला लावते, मग ती जपमाळ असो की औषधाची पुडी. रांग बाहेर जिन्यापर्यंत जाते आणि बाया मला शिव्या देतात. संतोष म्हणते, "तेरे जैसी चार हों तो मेट्रो बंद हो जाए."

मल्हारचा फोन आला. आई येतेय. आमच्याकडच्या मांडवगणच्या बाया संक्रांतीला हरिद्वारला चालल्यात, आई त्यांच्यासोबत निघणार आणि मध्येच माझ्याकडे उतरणार. मी विचारलं, "हरिद्वार सोडून?" मल्हार म्हणाला, "ती म्हंती देव काय पळून चाललाय व्हय?"

आई उगीच येणार नाही. वरवंडच्या स्थळाचं कारण असणार. त्यांनी विचारलं होतं की मुलगी दिल्लीत नेमकं करते काय. कुणीतरी सांगितलं, बायांची अंगं चाचपते.

१० जानेवारी

आई आली. डब्यातून उतरली तेव्हा ओळखूच येईना इतकी वाळलीय. थंडी असेल, प्रवास असेल. मी मिठी मारायला गेले तर तिनं घोंगडीचं गाठोडं पुढे धरलं. "धर हे आधी. वजन झालंय."

संतोष सहा दिवस बॅरेकमध्ये झोपायला गेली, खोलीत आईला जागा व्हावी म्हणून. जाताना आईच्या पाया पडली. आईनं नाव विचारलं आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बरं झालं, मल्हारला सांगते, चांगला हाय संतोष."

हसली तेव्हा आई पहिल्यासारखी दिसली.

११ जानेवारी

आई मला अंगाला हात लावू देत नाही.

घरी असले की तिची पाठ नेहमी मीच चोळते. आज पाणी तापवून दिलं आणि आत जायला लागले तर तिनं कडी लावली. "माझं हात काय मोडल्यात?" बराच वेळ आत होती. डोक्याला तेल लावते म्हटलं तर नको. झोपताना भिंतीकडे तोंड करून, डाव्या अंगाला उशी घेऊन पडते. मी जवळ सरकले की म्हणते, "लांब पड बाई, उकडतंय." दिल्लीच्या जानेवारीत.

मग संध्याकाळी तिनंच विषय काढला.

"दिसभर बायांच्या अंगाला हात लावतीस म्हनं?"

"कामच हाय ते, आये."

"कुठंकुठं?"

सांगितलं. ती भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून ऐकत होती.

"आन् काय लागलं हाताला, तर?"

"काढाया लावते."

"समद्यांनाच?"

"समद्यांनाच. साहेबाची बायको असली तरी."

तिनं भाकरी तशीच ठेवून दिली. आमच्या घरात पहिली शाळेत गेलेली मी. शिरूरला बारावीपर्यंत ठेवायला आई भावकीशी भांडली होती. त्याचं हे झालं. परक्या बायांच्या काखांत घातलेले हात तिला स्वतःच्या अंगाला नको आहेत. मी हात तीनदा साबणानं धुतले आणि मग मलाच माझा राग आला.

१३ जानेवारी

आज आईला ड्युटीवर नेलं. तिनंच हट्ट धरला.

सरकत्या जिन्यापाशी तिनं आधी चप्पल काढून हातात घेतली. मागून एक कॉलेजचा पोरगा म्हणाला, "आँटी, चलिए ना." आई म्हणाली, "तू हो फुडं, लेका. तुझी गाडी पळाया लागलीय. माझी न्हाई." तो काय समजला कोण जाणे, बाजूला झाला.

तिकिटाच्या खिडकीसमोरच्या बाकावर तिला बसवलं. तिथून आमचा पडदा दिसतो. दुपारपर्यंत ती हलली नाही. मी मधून मधून बघायची, ती प्रत्येक बाईकडे बघत होती, आत जाताना आणि बाहेर पडताना. जेवायच्या सुट्टीत तिच्याजवळ बसले. वाटलं आता काहीतरी लागेल असं बोलणार. ती म्हणाली, "आमी बी असंच करायचो की."

"कसं?"

"रानात मेंढरांभवती जाळीची वाघर लावायचो, तिचं तोंड सकाळी जरासं सोडायचं. मी तोंडाशी बसायची. येक येक मेंढी हाताखालनं भाईर. कुनाच्या पायात काटा, कुनाच्या कासंला गाठ. डोळ्याला न्हाई कळत. हाताला कळतं."

"मग गाठ लागली की काय करायचा?"

"येळंवर लागली तर औषध. न्हाईतर इकायची." आणि लगेच म्हणाली, "तुमची मेंढरं मातर लई. सरंना झालीत."

मला फार बरं वाटलं. मेंढरांच्या निमित्तानं का होईना, तिनं माझ्या कामाला काम म्हटलं.

पण त्यानंतर जे झालं ते लिहायला हात धजत नाही. लिहिते.

संध्याकाळी घरी जायला तिला मेट्रोनं पाठवायचं ठरलं होतं. संतोषची ड्युटी संपली होती, ती सोबत जाणार होती. संतोष म्हणाली, माताजींना बाजूनं सोडू. आई म्हणाली, "न्हाई, मी रांगंनं जाईन." आणि खरंच वीसेक बायांच्या मागं उभी राहिली. पडदा सरकवून आत आली, पाटावर चढली आणि हात पसरले. डावा पुरता वर जाईना. माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होती.

मी इतरांसारखंच केलं. खांदे. काखा. डाव्या बाजूला चोळीत हाताला काहीतरी लागलं. लिंबाएवढं. माझा हात थांबला.

"काय हाय?" मी विचारलं.

आई म्हणाली, "भंडाऱ्याची पिशवी."

आमच्यात गाव सोडताना बाया खंडोबाचा भंडारा छोट्या पिशवीत बांधून चोळीत ठेवतात. मी भरती व्हायला निघाले तेव्हा माझ्याही चोळीत होती. नियम स्पष्ट आहे, कसलीही पूड असली तरी उघडून बघायची. पण माझ्या कमरेला चामड्याचा पट्टा, पायात बूट. चामडं अंगावर असताना देवाच्या भंडाऱ्याला हात लावायचा नाही हे आईनंच शिकवलंय. मी हात मागे घेतला.

"जा," म्हणाले.

ती क्षणभर तशीच हात पसरून उभी होती. मागच्या बाईनं पडदा हलवला तेव्हा खाली उतरली.

१४ जानेवारी

झोप नाही. आईची पिशवी न बघता सोडली. आई आहे म्हणून सोडली, की देव आहे म्हणून? दोन्ही कारणं कुठल्याच नियमात बसत नाहीत. उद्या दुसरी बाई म्हणेल, माझ्याही देवाचं आहे.

आई आज खूप शांत आहे. मला तीळगूळ दिला. तो देताना माझा हात धरून ठेवला जरा वेळ. मी विचारलं, "आये, रागावलीस का?" म्हणाली, "कशापायी? आमची लेक खरं काम करती. वरवंडच्यांना मी न्हाई म्हणून सांगनार हाय. नोकरी सोडाया लावत्यात ती."

म्हणजे राग नव्हता. मग दूर का पडते?

१६ जानेवारी

मांडवगणच्या बाया हरिद्वारहून परतताना आईला घेऊन गेल्या. गाडी हलली तेव्हा खिडकीतून तिनं काहीतरी सांगितलं. बाजूच्या बाया गलका करत होत्या, ऐकू आलं नाही. मी मान डोलावली.

दुपारी इन्स्पेक्टर साहेबांपुढे उभी राहिले आणि सांगितलं की मंगळवारी न उघडलेली पिशवी सोडली. आधी ते घाबरलेच. कुणाची म्हणाले. आईची म्हटल्यावर पेन ठेवून हसले. "बेटा, माँ की तलाशी कौन लेता है? जाओ, चाय पियो."

संतोष बाहेर उभी होती. "तेरी माँ थी कि बम?"

कुणालाच हे मोठं वाटत नाही. मला रात्रंदिवस तेवढंच दिसतं. माझ्या हाताखालून एक गोष्ट न तपासता गेली.

२२ जानेवारी

सव्वीस जानेवारीमुळे डबल ड्युटी. पाय सुजलेत. आज एका बाईच्या चोळीतून कुंकवाची डबी काढायला लावली. ती रडली. मी पुन्हा बूट, पट्टा, देव असलं काही मनात आणलं नाही.

१५ फेब्रुवारी

घरी फोन केला. आई म्हणे झोपलीय. भर दुपारी. आबांनी, म्हणजे वडिलांनी, फोन घेतला. त्यांना फोनवर ओरडून बोलायची सवय. "तुझी आय जेवत न्हाई बग धड. तू सांग तिला. तुझं ऐकंल." मी म्हटलं, "आबा, तुम्ही दौंडला डॉक्टरला दाखवा." ते म्हणाले, "दाकवलं की. ताकदीच्या गोळ्या दिल्यात."

९ मार्च

नीट लिहायचा प्रयत्न करते.

परवा होळी. दोन दिवसांपासून बायांकडे गुलालाच्या पुड्या सापडताहेत. आज सकाळी एक नवी सून असावी, हातभर चुडा, चोळीत डाव्या बाजूला काहीतरी. तिनं हसत स्वतःच काढून दाखवली, गुलालाची पुडी. नवऱ्याला ऑफिसात जाऊन रंगवणार होती.

पण ती काढायच्या आधी माझी बोटं तिच्यावर होती. पुडी बोटाखाली दबली. सरकली. पिठासारखी बाजूला झाली.

भंडारा म्हणजे हळदच. हळदही तशीच दबते.

आईची पिशवी दबली नव्हती. सरकली नव्हती. ती चोळीत नव्हतीच. आतून धरलेली होती.

ती सून विचारत होती, "दीदी, जाऊँ?" मी तशीच पाटासमोर उभी होते. मागच्या बायांनी आरडाओरडा केला. संतोष आत आली, मला खुर्चीवर बसवलं आणि माझ्या जागी उभी राहिली. माझी शिफ्ट संपेपर्यंत तिनं एकही बाई हात न लावता सोडली नाही. मी बघत होते.

१० मार्च

मल्हारला सांगितलं. त्यानं आईच्या हातात फोन दिला.

"आये, त्या दिवशी चोळीत काय हुतं?"

"आता कळलं व्हय तुला?" आई म्हणाली. आवाजात कसलाच राग नव्हता. कोणी उशिरा घरी आलं तर म्हणावं तसं.

१९ मार्च

मल्हार तिला पुण्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी त्याला बाजूला बोलावून सांगितलं, छातीतून फुप्फुसात गेलंय. सहा महिने आधी आली असती तर वेगळं होतं. मी फोनवर विचारलं, "आणि दोन महिने आधी?" मल्हार म्हणाला, "असलं मी काय इचारलं न्हाई."

रजेचा अर्ज दिला. निवडणुका लागल्यात, सगळ्यांच्या रजा बंद आहेत. साहेबांनी वर जाऊन भांडून मला थोडी मिळवून दिली.

५ एप्रिल, घरी

भीमेकडून दिवसभर गरम वारा येतो. ऊस गेल्यानं सगळीकडे मोकळं. आई ओसरीवर खाटेवर पडून असते. मल्हार कारखान्याच्या ट्रॅक्टरवर असायचा, त्यानं काम सोडलंय. आबा मेंढरं घेऊन जातात आणि तासाभरात परत येतात, उगीच काठी विसरली म्हणून.

आता आई सगळं मला करू देते. अंग पुसते, चोळी बदलते. गाठ आता लिंबाएवढी नाही आणि एकटीही नाही. पहिल्या दिवशी मी ती बघून तोंड फिरवलं. आई म्हणाली, "बग की. तुझं कामच हाय."

९ एप्रिल

आज विचारलं. विचारायचं नव्हतं.

"आये, तू दिल्लीला स्थळाचं बघाया आली नव्हतीस ना?"

"सांगायाच आले व्हते. भादव्यापासनं व्हतं अंगात. हितं कुनाला सांगू? मल्हारला? तुझ्या आबाला? दौंडच्या डॉक्टरला चोळी काढून दाकवू?" दम लागला, थांबली. "तुझ्याम्होरं बी तोंडातून निघंना. म्हटलं, लाडाची लेक, नोकरी टाकून माघारी यील."

"आन् भंडारा का म्हणालीस?"

"तोंडात आलं ते बोलले. म्हटलं, भंडारा तर भंडारा. ही लई कडक हाय, समद्यांना काढाया लावती. मला बी लावंल. मंग मला बोलावंच लागनार न्हाई." माझ्या हातावर हात ठेवला. "तू हात काढून घेतलास."

सबंध दिवस तिनं त्या बाकावर बसून मला बघितलं होतं. खात्री करून घेतली होती की मी कुणालाही सोडत नाही. मग रांगेत उभी राहिली.

मला रडू आवरेना तेव्हा म्हणाली, "गप. देवाचं नाव ऐकून थांबलीस. मीच शिकवलं ते. आता मला शिव्या देऊ का तुला?"

१३ एप्रिल

आईच्या अंगाला पाणी चढतंय. खाणं बंद. पाण्याचे दोन घोट.

१५ एप्रिल

उद्या निघायला हवं, रजा संपतेय. साहेबांना फोन केला. म्हणाले, बेटा, इलेक्शनपर्यंत माझ्या हातात काही नाही, मेडिकल पाठव तुझं.

मल्हार म्हणाला, "सोपं हाय. दौंडला डॉक्टर वळखीचा हाय. तुझ्या नावानं कावीळ लिहून दील. महिनाभर."

"मला कावीळ न्हाई झाली."

"मंग काय झालंय तुला?" तो ओरडला. "तुझी आय मराया लागलीय, त्याला काय सर्टिफिकेट लागतं?"

आबा म्हणाले, "गप रे. तिचं तिला ठरवू दे." आणि बाहेर गेले.

मी खोटा कागद देऊ शकत नाही. खरंच शकत नाही. दिवसभर ठरवून बघितलं, जमलं नाही. आईला विचारलं. ती म्हणाली, "जा. नोकरी राख." मला वाटतं ते तिनं मनापासून सांगितलं. मला असं बऱ्याचदा वाटलं आहे.

१६ एप्रिल

मल्हारनं दौंडला सोडलं. कर्नाटक एक्सप्रेस आली तेव्हा माझी बॅग उचलून सीटखाली ठेवली, खाली उतरला आणि मागे न बघता गेला.

गाडीत तिकीट तपासनीस आला. "दिल्ली?" मी हो म्हटलं. नगरला बाटलीत पाणी भरायला उतरले. हातात बाटली आणि पर्स. नळाला गर्दी होती. बाटली भरली, झाकण लावलं. गाडीनं शिटी दिली. डब्याचं दार माझ्यापासून पाच-सहा पावलांवर होतं. लोक पळत चढत होते. दारातल्या एका माणसानं माझ्यासाठी हातसुद्धा पुढे केला.

मी चढले नाही.

का, ते मला सांगता येत नाही. ठरवलं नव्हतं. गाडी गेली. बॅग आत, बॅगेत युनिफॉर्म, बूट, पट्टा, ओळखपत्र. पुढच्या स्टेशनावर कुणीतरी ओरडेल की बेवारस बॅग आहे आणि पोलीस डबा रिकामा करतील. तेही माझ्यामुळेच. नगर स्टेशनच्या चौकीत सीट नंबर सांगून आले. हवालदारानं विचारलं, "मॅडम, तुम्ही स्वतः कशा राहिलात?" मी म्हटलं, "राहिले."

एसटीनं शिरूर, शिरूरहून वडापच्या जीपनं मांडवगण, तिथून चालत वस्ती. सूर्य अजून होता. आबा दारात बसले होते. मला बघून उठले, पाण्याचा तांब्या दिला.

आई जागी होती. डोळे माझ्यावर आणायला तिला वेळ लागला.

"गाडी चुकली व्हय?"

"व्हय."

"फुडली कवा हाय?"

दौंडहून दिल्लीला जाणाऱ्या प्रत्येक गाडीची वेळ मला तोंडपाठ आहे. मी म्हटलं, "ठाव न्हाई."

आई हातावर जोर देऊन, दम खात खाटेवर पलीकडे सरकली. माझ्यापुरती जागा झाली.